कैफियतीवर सही करण्याआधी वकिलांना खरं सांगा

पत्र

मॅडम, आम्ही घणसोली गावठाणातले. वडिलांची जमीन नवी मुंबई वसवताना सिडकोने घेतली, त्या बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला. आई आधीच गेली होती, वडील २००९ मध्ये वारले. वारस दाखल्याचा अर्ज केला तेव्हा दादाने आणि मी आमची दोघांचीच नावं दिली. मोठी ताई १९९० पासून सासरी, उरणला. तिचं नाव घातलं तर कागद लांबतील, असं एजंट म्हणाला. पुढे २०१३ मध्ये बिल्डरने बहिणीबद्दल विचारलं, तेव्हा दादाने स्टॅम्पपेपरवर तिची हक्कसोड आणून दिली. त्यावर नोटरीचा शिक्काही आहे. सही मात्र ताईची नाही, वहिनीने केलेली आहे, आणि तीही ताईच्या माहेरच्या नावाने. मला हे नंतर कळलं, पण मी गप्प बसलो. २०१४ मध्ये भाचीच्या लग्नात आम्ही ताईला सहा लाख दिले, त्यातले चार चेकने.

आता ताईने ठाण्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावलाय. आम्ही वकिलांना सांगितलं की ताईने राजीखुशीने सही केली होती. ते त्याच कागदावर सगळी केस उभी करतायत. पुढच्या तारखेला कैफियत, म्हणजे दाव्याला आमचं लेखी उत्तर, द्यायची आहे. दादा म्हणतो, वकिलाला सगळं सांगायचं नसतं. सांगितलं तर केस सोडतील, नाहीतर पोलिसांना कळवतील. कागद फाडला आणि फोनमधले मेसेज पुसले तर हे मिटेल का? रात्र रात्र झोप लागत नाही.

— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर

नमस्कार.

कागद फाडू नका. मेसेज पुसू नका. आणि वकिलांशी बोलल्याशिवाय कैफियतीवर सही करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आजच पक्कं करा. कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकेल असा कागद किंवा फोनमधला मजकूर मुद्दाम नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय त्या हक्कसोडीची झेरॉक्स बिल्डरच्या फायलीत असणारच, आणि मेसेज समोरच्याच्या फोनमध्येही असतात. म्हणजे मूळ कागद फाडून सुटका काहीच होणार नाही, एक गुन्हा मात्र वाढेल.

आता दादांच्या भीतीकडे येते, कारण तुमचं सगळं तिथेच अडलंय. वकील पोलिसांना कळवतील का?

झालेल्या गोष्टीबद्दल तुम्ही विश्वासाने जे सांगाल, ते वकिलांना कळवताच येत नाही. हा केवळ त्यांच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही, कायद्याने त्यांचं तोंड बांधलेलं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १२६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम १३२ मध्ये आहे. पक्षकाराने कामाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद आणि वकिलाने दिलेला सल्ला, यातलं काहीही तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय त्यांना उघड करता येत नाही. केस संपली, तुम्ही वकील बदललात, तरी हे बंधन सुटत नाही. त्यांच्या ऑफिसातल्या कारकुनालाही ते लागू आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेतही हा नियम आहे आणि तो मोडल्याची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे गेली, तर प्रकरण वकिलीची सनद जाण्यापर्यंत जाऊ शकतं. पोलिसांनी उलट बाजूने वकिलांना गाठायचा प्रयत्न केला तरी रस्ता सोपा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांना बजावलं की पक्षकाराची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स धाडता येणार नाही. कलम १३२ मधल्या अपवादात गोष्ट बसत असेल तरच तसं करता येईल, आणि तेही अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच.

हा जो अपवाद आहे, तो मात्र नीट समजून घ्या. तुमच्या प्रकरणाला तो फार जवळून लागतो. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी वकिलाशी केलेलं बोलणं संरक्षणात येत नाही. त्याचप्रमाणे, वकिलाने काम हाती घेतल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक घडते आहे असं त्याच्या नजरेला आलं, तर त्यालाही हे संरक्षण नाही. म्हणजे असं पाहा. "साहेब, २०१३ मध्ये ताईच्या नावाने सही वहिनीने केली," हे तुम्ही सांगितलंत, तर ती घडून गेलेली गोष्ट आहे आणि ती त्यांच्यापाशी सुरक्षित आहे. "साहेब, सही खोटी आहे, पण तुम्ही कागद खरा म्हणून लावून टाका," असं म्हणालात, तर ते पुढच्या फसवणुकीत त्यांना ओढणं झालं. त्या बोलण्याला कसलंही कवच नाही.

म्हणूनच मी तारखेबद्दल इतकी आग्रही आहे. आज कागद तुमच्या कपाटात आहे. आज तुम्ही जे सांगाल ते पूर्णपणे झालेल्या गोष्टीबद्दल असेल. उद्या तो कागद कैफियतीसोबत दाखल झाला, की वकीलपत्र दिल्यानंतर घडलेली गोष्ट म्हणून त्याकडे पाहिलं जाऊ शकतं. मग तुमचं सांगणंही अडचणीचं होईल आणि वकिलांचं ऐकणंही.

आणखी एक गोष्ट तुमच्या घरात कुणीच लक्षात घेतलेली दिसत नाही. २०१३ मध्ये सही ज्यांनी केली आणि करवली, तो गुन्हा त्यांचा. पण बनावट आहे हे माहीत असूनही तो कागद कोर्टात खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो आज घडेल, तुमच्या हातून. कैफियतीच्या शेवटी सत्यापन असतं: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. त्याखाली सही वकिलाची चालत नाही, तुमची लागते. सोबतच्या शपथपत्रावरही तुमचीच. न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटा पुरावा देण्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि बनावट दस्ताची शिक्षा त्याहूनही कडक आहे. आजपर्यंत तुमचा दोष "गप्प बसलो" आणि वारस दाखल्याचा अर्ज, एवढाच आहे. त्यात या सहीची भर घालू नका.

बरं, ज्या कागदासाठी एवढी जोखीम घ्यायची, तो कागद तरी कसा आहे? स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी व्हावी लागते. तुमच्या पत्रात फक्त स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा शिक्का आहे, नोंदणीचा उल्लेखही नाही. नोंदणी नसेल, तर सही ताईचीच असती तरी त्या कागदाने तिचा हिस्सा सुटला नसता. घरात आधीच तोंडी वाटप झालं होतं आणि त्याची फक्त याद लिहून ठेवली, असा एक वेगळा प्रकार असतो. त्याला नोंदणी नसली तरी चालू शकतं. तुमचे वकील कदाचित त्या वाटेने जायचा विचार करत असतील. पण त्या यादीवरही सह्या खऱ्याच लागतात. म्हणजे वकिलांना वाटतंय की आपल्याकडे दुबळा का होईना, एक खरा कागद आहे. त्यावर ते मुद्दे बांधतायत, निवाडे शोधतायत. तुमचे पैसे आणि त्यांची मेहनत दोन्ही अशा गोष्टीवर चाललीय जी उलटतपासात टिकणार नाही.

कशी टिकणार नाही, तेही सांगते. दादा साक्षीला उभे राहतील. ताईंचे वकील शांतपणे विचारतील:

"सही तुमच्यासमोर झाली?"

"हो."

"कुठे?"

"घरी."

"मग नोटरी घरी आले होते का?"

इथे "हो" म्हटलं तर नोटरीचं रजिस्टर मागवलं जाईल, "नाही" म्हटलं तर शिक्का कशावर मारला हा प्रश्न येईल. त्यानंतर ताईंच्या बँकेतला नमुना सहीचा कागद पुढे येईल. १९९० मध्ये लग्न झालेली बाई, जिचं बँकखातं, पॅनकार्ड, सगळं सासरच्या नावाने आहे, ती २०१३ मध्ये एका कागदावर माहेरच्या नावाने सही का करेल? हस्ताक्षर तज्ज्ञ लागेल तेव्हा लागेल, कायद्याने न्यायाधीश स्वतःही दोन सह्या शेजारी ठेवून पाहू शकतात. आणि त्या क्षणी तुमचे वकील तिथे उभे असतील, ज्यांना यातलं काहीच माहीत नसेल. जे त्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी तो कागद पुढे केलाच नसता, ते त्यांना भर कोर्टात विरोधी वकिलाच्या तोंडून कळेल. चांगल्यातला चांगला वकीलही तिथे तुम्हाला सावरू शकत नाही.

कागदाच्या लपवाछपवीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा एक निकाल तुमच्या दादांना जरूर सांगा. चेंगलवराया नायडू विरुद्ध जगन्नाथ. तोही वाटपाचाच दावा होता आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, दडवलेला कागद हक्कसोडीचाच होता. आपण आधी हक्क सोडून दिलाय हे वादीने कोर्टाला सांगितलंच नाही आणि हुकूमनामा मिळवला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की महत्त्वाचा कागद दडवून मिळवलेला हुकूमनामा ही कोर्टाची फसवणूक आहे, आणि असा हुकूमनामा मुळातच निरर्थक ठरतो. समजा तुम्ही खोट्याच्या जोरावर जिंकलात. ती जीत पुढची कितीही वर्षं, कुठल्याही कोर्टात उलटू शकते. त्या प्लॉटवर फ्लॅट घेतलेली माणसं, बिल्डर, तुमची मुलं, सगळे त्या टांगणीखाली राहणार.

पत्रात तुम्ही वारस दाखल्याची गोष्ट एका ओळीत उरकलीय. मला मात्र हक्कसोडीइतकीच काळजी तिची वाटते. वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी कोर्टातून मिळतो. त्या अर्जात "आम्हा दोघांशिवाय कुणी वारस नाही" असं लिहिलं असेल, तर ते तुम्ही दोघांनी कोर्टासमोर केलेलं खोटं विधान आहे. इथे "मला नंतर कळलं" हे म्हणता येणार नाही, कारण आपल्याला बहीण आहे हे तुम्हाला जन्मापासून माहीत आहे. ताईंनी तो दाखला रद्द करून मागितला, तर सिडकोकडचं वाटप, सिडको, तुम्ही आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार, सगळ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. बिल्डरला तुम्ही "दुसरा कुणी हक्क सांगणार नाही, सांगितल्यास भरपाई आम्ही देऊ" असं बंधपत्र लिहून दिलंय का? बहुतेक दिलंच असेल, ते सगळेच घेतात. हेही वकिलांना माहीत हवं. नाहीतर ते ताईंच्या दाव्याशी लढत बसतील आणि मागून बिल्डरची नोटीस येईल.

एजंटने तेव्हा जे सुचवलं, ते या पट्ट्यात अनेक घरांत झालंय. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन गेली, तर साडेबारा टक्क्यांचे होतात पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठीची तीस टक्के कपात झाली की हाती साडेतीन गुंठे. एवढ्याशा तुकड्यात वाटेकरी वाढायला नकोत, असं भावांना वाटतं. पण हा प्लॉट काही दोन भावांच्या कष्टाचा नाही. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीसाठीच्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्यावर पाच जणांनी जीव दिला, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं, बायका-पोरांसकट रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के पदरात पडले. ते त्या घरातल्या लेकींचेही आहेत. कायदाही तेच म्हणतो. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ पासून मुलाइतकीच वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तिचा हक्क जन्मापासून धरला गेला. "ताईचं लग्न १९९४ च्या आधीचं, म्हणून तिला हक्क नाही," असं गावात अजून सांगितलं जातं. महाराष्ट्राच्या जुन्या दुरुस्तीत तशी अट होती खरी. ती धरून आज बसू नका. आई-वडील दोघेही नसताना तुम्ही तिघं भावंडं, म्हणजे साध्या हिशोबाने ताईंचा तिसरा हिस्सा.

आता तुमच्या बाजूच्या खऱ्या गोष्टी पाहू. त्या आहेत, आणि खोट्या कागदाखाली त्या दबून गेल्यात. चार लाख चेकने गेले, त्याची बँकेत नोंद आहे. ते पैसे लग्नाचा आहेर म्हणून दिले की हिश्श्यापोटी, त्या वेळी काय बोलणं झालं, कुणासमोर झालं, मेसेज आहेत का, यावरून वकील ठरवतील की ती रक्कम हिशोबात मागायची की नाही. वडिलांच्या आजारपणाचा खर्च कुणी केला, सिडकोकडे पैसे कुणी भरले, प्लॉटपोटी नेमकं काय मिळालं, हे सगळं वाटपाच्या हिशोबात येऊ शकतं. मुदतीचा मुद्दा आहे का, तेही ते तपासतील. पण ज्या क्षणी हक्कसोड बनावट ठरेल, त्या क्षणापासून तुमच्या खऱ्या चार लाखांवरही न्यायाधीशांचा विश्वास बसणार नाही. पासबुक दाखवलंत तरी संशयानेच पाहिलं जाईल.

खरं सांगितल्यावर वकील काय करतील, याबद्दल तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ते रागावतील. तो कागद दाखल करायला नकार देतील, आणि तो द्यायलाच हवा, कारण खोटा आहे हे माहीत असताना तो लावला तर ते स्वतः अडकतात. पण केस सोडतीलच असं नाही. वकिलांना रोज अशीच माणसं भेटतात. निर्मळ पक्षकार शोधत बसले तर कुणाचीच केस चालणार नाही. बहुतेक ते कैफियत नव्याने लिहितील, जे खरं आहे तेवढंच मांडतील आणि लवकरात लवकर तडजोडीकडे वळवतील. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात तुम्ही तिघं भावंडं समोरासमोर बसू शकता, आणि तिथलं बोलणंही गोपनीय असतं. ताईंना फ्लॅट, रक्कम किंवा दोन्ही मिळून काही ठरलं, तर तडजोड हुकूमनामा होतो आणि दावा तिथेच संपतो. फौजदारी बाजू मात्र अशा तडजोडीने आपोआप पुसली जात नाही. कागद कोर्टाबाहेर बनलेला असल्यामुळे ताई आजही थेट पोलिसांकडे जाऊ शकतात. गुन्हा नोंदला गेलाच, तर तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे बहिणीने मनापासून दिलेली संमती फार मोलाची ठरते. हे सगळं वकिलांना आधी माहीत असेल तरच ते त्याची काळजी घेऊन तडजोडीचा मसुदा करतील.

आणि समजा, त्यांनी खरंच केस सोडली? तसं करायला त्यांना पुरेसं कारण लागतं, वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते आणि न झालेल्या कामाची फी परत करावी लागते. सोडल्यानंतरही तुम्ही सांगितलेलं त्यांना कुणाला सांगता येत नाही. तेव्हा नवीन वकील घ्या, पण त्यांच्याशी पहिल्याच दिवशी खरं बोला.

आता अवघड भाग. तुमचं आणि दादांचं हित यापुढे एकच राहिलेलं नाही. हक्कसोड दादांनी आणली, सही वहिनीने केली, तुम्हाला नंतर कळलं. एकच वकील तुम्हा दोघांसाठी असेल, तर तो तुमच्या बाजूने हे मांडू शकणार नाही, कारण ते दादांच्या विरोधात जाईल. वकिलांना खरं सांगितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, मी वेगळा वकील करावा का?" ते "हो" म्हणाले तर त्यात दादांशी दगाबाजी झाली असं मनाला लावून घेऊ नका. दादांना आधी विश्वासात घ्यायचं का, तेही वकिलांनाच विचारून ठरवा. मला विचाराल तर दादांनी स्वतः येऊन सांगणं सगळ्यात चांगलं, पण त्यांची वाट पाहत तुमची तारीख घालवू नका.

भेट कशी घ्यायची, ते सांगते. फोन करून वेळ घ्या आणि ऑफिसात, बंद दाराआड बोला. कोर्ट नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर नाही, कोर्टाच्या व्हरांड्यात तर मुळीच नाही. शेजारी उभा असलेला ज्युनियर कुणाचा, हे तुम्हाला माहीत नसतं. एजंटला, मित्राला, गावातल्या पुढाऱ्याला सोबत नेऊ नका. तिऱ्हाईत माणसासमोर झालेल्या बोलण्याची गोपनीयता कच्ची पडते, आणि त्या माणसाला साक्षीला बोलावता येतं. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं अक्षरही नको. दादांशी तुमचं फोनवर होणारं बोलणं, एजंटशी झालेलं बोलणं, हळदीच्या मांडवात एखाद्या ओळखीच्या वकिलाशी जाता जाता केलेली चर्चा, यांना कलम १३२ चं संरक्षण आहे असं धरून चालू नका. मला लिहिलेल्या या पत्रालाही ते नाही, म्हणून ओळख पटेल असे तपशील मी बदलून छापलेत.

जाताना मूळ हक्कसोड न्या. ती तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे आहे ते सांगा. वारस दाखल्याचा अर्ज आणि हुकूम, सिडकोचं इरादापत्र, त्रिपक्षीय करार, बिल्डरला दिलेली सगळी बंधपत्रं आणि २०१४ चं पासबुक सोबत असू द्या. एका कोऱ्या कागदावर वर "वकिलांच्या माहितीसाठी" असं लिहून काय कधी घडलं ते तारीखवार मांडा. नक्की आठवत नसेल तिथे "आठवत नाही" असंच लिहा, अंदाज खरा म्हणून लिहू नका. मेसेज जसेच्या तसे दाखवा, निवडून नाही. तुम्हाला अडचणीचा वाटणारा मेसेज वकिलांच्या दृष्टीने कामाचा असू शकतो. उदाहरणार्थ, तुम्ही दादाला रागाने "ही सही का केली" असं विचारलं असेल, तर ते तुमच्या बाजूचं आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत वकिलापासून लपवलेल्या गोष्टी फिरून फिरून त्याच असतात. चेक परत गेल्याच्या केसमध्ये "तो चेक मी दिलाच नाही" असं वकिलाला सांगून नोटिशीचं उत्तर पाठवतात, आणि पुढे फोनमध्ये "थोडे दिवस थांबा, पैसे देतो" असा मेसेज निघतो. चेकवरची सही मान्य झाली की तो देणं फेडायलाच दिला असं कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढायचं तर खरा व्यवहार काय होता तेच सांगावं लागतं, आणि नोटिशीच्या उत्तरात आधीच खोटं लिहून बसलात तर नंतर ते गळ्याशी येतं. पोटगीच्या प्रकरणात पगार, भाड्याचं उत्पन्न, दुसरं खातं लपवतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. तिथे लपवलेलं खातं समोरच्याने उघड केलं, तर पोटगीचा आकडा बाजूलाच राहतो, तुमच्या शपथेवरचा विश्वास आधी जातो.

परत तुमच्याकडे. समन्स हाती पडल्यापासून कैफियतीला तीस दिवस असतात, कोर्ट कारणं पाहून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवून देतं. समन्सवरची तारीख काढून किती दिवस उरलेत ते आज मोजा. दिवस हातात असतील तर वकील पुढच्या तारखेला मुदतीचा अर्ज देतील आणि कैफियत नीट लिहिता येईल. नव्वद दिवस भरत आले असतील, तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, उद्या सकाळी त्यांचं ऑफिस उघडताना तिथे हजर राहा. ताईंनी दाव्यासोबत मनाई हुकमासाठी निशाणी ५ चा अर्ज दिला असेल, तर त्यावरचं तुमचं म्हणणं आधीच दाखल झालंय का, आणि त्यात हक्कसोडीचा उल्लेख आहे का, हेही लगेच विचारा. उल्लेख झाला असेल तर वकिलांना तो कसा मागे घ्यायचा याचा विचार कैफियतीच्या आधीच करावा लागेल.

समोर बसल्यावर सुरुवात कशी करायची हा प्रश्न पडला असेल. ताईंची आठवण, घरची अब्रू, दादांचा स्वभाव, यातलं काही आधी नको. एवढंच म्हणा: "साहेब, मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. हक्कसोडीवरची सही ताईची नाही. आणि वारस दाखल्यात आम्ही तिचं नाव दिलं नव्हतं." मग थांबा. त्यांना प्रश्न विचारू द्या, आणि जे विचारतील तेवढ्याचं सरळ उत्तर द्या.